शनवार तेल्यांची दफनभूमी आणि आपले कर्तव्य

(वार्षिक ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



 आम्ही कोणी पंडित नव्हे. मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण होऊन अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांकडून अक्षरे गिरवून घेतली आणि २०१६ साली सेवानिवृत्त झालो, एवढेच आमचे भांडवल. तेव्हा अक्षरांच्याच एका गोष्टीविषयी बोलणे आम्हांस शोभेल. ही अक्षरे दगडावरची आहेत आणि ज्यांची ती आहेत ती माणसे आता आपल्या गावांत राहिलेली नाहीत.

आपल्यांतील वडीलधाऱ्या मंडळींस 'शनवार तेली' हा शब्द ठाऊक असेल. तरुणांस तो नवीन वाटेल. आपल्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे १९८१ सालापासून ज्यास आपण रायगड जिल्हा म्हणतो त्या मुलखात, अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल या पट्ट्यात तेलाचे घाणे चालविणारे दोन प्रकारचे लोक असत. एक आपण. आपले वाडवडील महादेवाचा वार म्हणून सोमवारी घाण्यास बैल जुंपीत नसत. म्हणून आपणांस सोमवार तेली म्हणत. दुसरे हे शनवार तेली. शुक्रवारी दिवस मावळला की त्यांचा घाणा थांबे, तो शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत हलत नसे. हे लोक म्हणजे बेने इस्राईल, धर्माने ज्यू. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या कुलाबा गॅझेटियरातही त्यांची शनवार तेली म्हणून नोंद आहे. भाषा आपली, नेसणे आपले, आडनावेही आपल्याच गावांची. किहीमचे ते किहीमकर, नवगावचे ते नवगावकर, झिराडचे ते झिराड. ज्या डॉक्टर जेरुशा झिराड यांस १९६६ साली पद्मश्री मिळाली, त्यांचे आडनाव आपल्या अलिबाग तालुक्यातील गावाचे आहे, हे आपल्यांपैकी किती जणांस ठाऊक आहे?

त्यांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज फार प्राचीन काळी तारवातून येत असता अलिबागच्या उत्तरेस नवगावच्या किनाऱ्याजवळ तारू फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. ज्यांची प्रेते किनाऱ्यास लागली, त्यांस नवगाव येथेच पुरण्यात आले. त्या जागेस हा समाज अजूनही आपले मूळ स्थान मानतो. तेथे त्यांची जुनी दफनभूमी आहे आणि त्या पूर्वजांच्या नावाने स्मारकही उभारलेले आहे. हे लोक नेमके केव्हा व कोठून आले याविषयी विद्वानांत एकमत नाही. परंतु २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात या समाजात मध्यपूर्वेतील ज्यूंचा आणि भारतातील लोकांचा असा दोहोंचाही अंश आढळला. तेव्हा गोष्टीतील तपशील कसाही असो, दूरच्या किनाऱ्यावरून कोणी आले आणि येथील मातीत मिसळले, हे खरे.

पुढे यांच्यांतील पुष्कळ कुटुंबे मुंबईस गेली, पलटणीत शिरली, कचेऱ्यांत चाकरीस लागली. मुंबईतील त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली बांधले. अलिबागेस १८४८ साली आणि पनवेलीस १८४९ साली अशी मंदिरे झाली. १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाले आणि त्यानंतरच्या वीसपंचवीस वर्षांत गावेच्या गावे रिकामी झाली. १९५१ च्या शिरगणतीत साऱ्या भारतात सर्व प्रकारचे मिळून ज्यू सव्वीस हजारांवर होते. २०११ च्या शिरगणतीत ते पाच हजारांच्या आत आले. येथे लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की, त्यांस येथून कोणी हाकलले नाही. कोकणात त्यांचा कोणी छळ केला नाही, हे ते स्वतःच जगभर सांगतात, आणि ते ऐकून आपली छाती फुगते. ती फुगावीच. परंतु छाती फुगविण्यापूर्वी आमच्या घरचा एक दगड आम्हीं आपणांस दाखविला पाहिजे.

आमच्या परसात विहिरीच्या कडेस धुण्याची एक धोंड होती. अडीच हात लांब, हातभर रुंद, वरून सपाट. आम्ही तिसरीचौथीत असता, म्हणजे १९६७ च्या सुमारास, आमच्या तीर्थरूपांनी ती बैलगाडीतून आणल्याचे आम्हांस अंधुक आठवते. कोणी विचारले तेव्हा ते म्हणाले, "माळावर बेवारशी पडली होती." तीर्थरूप सचोटीचे गृहस्थ होते. मापात कधी पळीभर तेल कमी घातले नाही. तरीही ती धोंड त्यांनी आणली आणि त्यात त्यांस काही वावगे वाटले नाही. पन्नास वर्षे तिच्यावर प्रथम आमच्या मातोश्रींनी आणि नंतर आमच्या कुटुंबाने कपडे धुतले.

२०१८ च्या डिसेंबरात विहिरीचा कठडा नव्याने बांधावयास काढला. गवंड्याने पहारीने धोंड उलटली, तो खालच्या अंगास अक्षरे! वर चार ओळी चौकोनी, अनोळखी लिपीच्या आणि त्यांखाली दोन ओळी आपल्या बाळबोधीत. त्यांत एका स्त्रीचे नाव होते, पुढचे अर्धे झडलेले, आणि 'हिची कबर' एवढे शब्द स्वच्छ वाचता येत होते. सभ्य गृहस्थहो, ज्याने आयुष्यभर मुलांस वाचावयास शिकविले त्याच्या दारात हे अक्षर पन्नास वर्षे पालथे पडले होते आणि त्यास त्याचा पत्ता नव्हता. त्या दिवशी आम्हांस जेवण गेले नाही.

मातोश्री त्या वेळी हयात होत्या. त्यांस हात धरून परसात आणले आणि दगड दाखविला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "नवी नवरी होते तेव्हा शनवारी त्यांच्या घरी चूल पेटवायला मीच जायची. त्या दिवशी त्यांना विस्तवाला हात लावता येत नसे. जाताना हातावर खोबरं ठेवायच्या. ज्याचं त्याला देऊन टाक रे बाबा." एवढेच. तीर्थरूपांविषयी त्यांनी चकार शब्द काढला नाही, आणि आम्हांसही तो काढवला नाही.

ज्याचे त्यास द्यावे हे खरे. पण ज्याचे तो आहे कोठे? गावात त्या समाजाचे एकही घर उरले नव्हते. अखेर अलिबागेच्या इस्राईल आळीत चौकशी करून तेथील मंडळींस सर्व हकीकत सांगितली. त्यांनी रागाचा शब्द उच्चारला नाही. काही दिवसांनी त्यांच्या ओळखीने इस्राएलहून आलेले एक कुटुंब आमच्याकडे आले. त्यांत ऐंशीच्या घरातील एक बाई होत्या. त्यांचा जन्म याच मुलखातला. साठ वर्षे परदेशी काढूनही त्यांची मराठी आमच्या आजीची मराठी होती. आम्ही त्यांस मावशी म्हणालो. दगडापाशी बसून त्यांनी उजवीकडून डावीकडे बोट फिरवीत तो वाचला. आम्ही क्षमा मागू लागलो तेव्हा त्या म्हणाल्या, "गुरुजी, उभा असता तर पावसाने अक्षरं धुतली असती. पालथा होता म्हणून नाव राहिलं." मग तांब्याभर पाणी मागून घेऊन त्यांनी दगड आपल्या हाताने धुतला आणि अंगणातील एक लहानसा खडा उचलून त्यावर ठेवला. कबरीस गेल्यावर फुलांऐवजी खडा ठेवावा ही त्यांची रीत आहे. येऊन गेल्याची ती खूण.

त्या समाजाच्या संमतीने आम्ही तो दगड त्यांच्या दफनभूमीत नेऊन पोचविला. तो कोणत्या कबरीचा हे कळण्यास मार्ग नव्हता, म्हणून भिंतीच्या आतल्या बाजूस तो उभा केला. त्या दिवशी आम्हांस ती भूमी प्रथमच नीट पाहावयास मिळाली. आयुष्य तिच्यापासून कोसभर अंतरावर गेले. पण करवंदांखेरीज तेथे पाहण्यासारखे काही असेल असे कधी वाटले नव्हते. गुडघाभर रान, जांभ्याच्या गडग्याला खिंडारे, गुरांची वाट थेट कबरींवरून गेलेली. बहुतेक कबरींवर नुसते घडीव किंवा अनघड दगड. अक्षरे असलेले दगड मोजावयास दोन्ही हातांची बोटे पुरली. बाकीचे कोठे गेले असतील, हे आम्हांस निदान एका दगडापुरते ठाऊक होते.

येथे कोणी म्हणेल, "गुरुजी, आपल्या ज्ञातीचे सभागृह अर्धवट पडले आहे, वसतिगृहास निधी नाही, आणि आपण परक्यांच्या कबरी घेऊन काय बसलात?" हा प्रश्न आम्हांस आपल्याच मंडळींनी तोंडावर विचारला आहे, आणि तो अवाजवी नाही. म्हणून त्याचे उत्तर आपल्याच घरातून देतो.

आपले दैवत संतशिरोमणी श्री संताजी जगनाडे महाराज. तुकोबारायांचे अभंग ज्यांनी लिहून ठेवले, ते चाकणचे तेली. त्यांची समाधी सुदुंबरे येथे आहे आणि मार्गशीर्षात पुण्यतिथीस आपण तेथे जातो. तेथली आख्यायिका आपणांपैकी लहान मुलासही पाठ आहे. जो मागे राहील त्याने पुढे गेलेल्यास मूठमाती द्यावी, असे दोघांचे वचन होते. तुकोबा आधी वैकुंठास गेले. पुढे संताजी महाराजांनी देह ठेवला तेव्हा लोक माती लोटीत होते, पण मुख काही केल्या झाकेना. शेवटी तुकोबाराय वैकुंठाहून आले, त्यांनी तीन मुठी माती दिली, तेव्हा मुख झाकले गेले. या कथेचा अर्थ आम्ही असा घेतो की, मातीचे ऋण रक्ताच्या नात्यावर किंवा जातीवर ठरत नाही. बरोबर काम केलेल्या माणसाचे ते ऋण आहे. तुकोबा वाणी, संताजी तेली. एकाने रचिले, दुसऱ्याने लिहिले, म्हणून एकाने दुसऱ्यास माती देणे लागत होते. शनवार तेली आणि सोमवार तेली यांनी एकाच गावात, एकाच तिळाचे, खोबऱ्याचे आणि उंडीचे तेल गाळले. त्यांचा घाणा बंद असे त्या दिवशी गावास आपण तेल पुरविले आणि आपला बंद असे त्या दिवशी त्यांनी. मग ती माती आपणांकडे लागत नाही काय?

दुसरे असे की, दगड हा दाखला असतो. हे लोक इस्राएलास गेले तेव्हा त्यांच्या ज्यूपणाविषयी तेथील काही धर्माधिकाऱ्यांनीच शंका घेतली आणि विवाहाच्या बाबतीत त्यांची अडवणूक झाली. त्यासाठी त्यांस लढा द्यावा लागला आणि १९६४ साली तेथील संसदेने ते सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचे असल्याचे जाहीर केले. ज्या समाजास आपण कोण हे असे सांगावे लागले, त्याच्या आज्याचे नाव कोकणातील एखाद्या दगडावर असेल, तर तो दगड धुण्यास वापरणे म्हणजे कोणाचा जन्माचा दाखला फाडणे होय. आपणही जातीचा दाखला काढण्यासाठी पणजोबांचे नाव शोधीत शाळेच्या जुन्या रजिस्टरांपुढे उभे राहिलो आहोत. त्या धडपडीची किंमत आपणांस ठाऊक आहे.

तिसरे, अन्यत्र काय चालले आहे तेही पाहू. पोलंड देशात दुसऱ्या महायुद्धात नाझींनी ज्यूंचा संहार केला आणि त्यांच्या कबरींचे दगड उखडून रस्त्यांत व अंगणांत फरसबंदीस घातले. आज त्याच देशात अनेक गावी ज्यू नसलेले शिक्षक, विद्यार्थी आणि गावकरी ते दगड शोधून परत नेऊन ठेवीत आहेत. तेथे द्वेषाने जे घडले ते येथे केवळ अज्ञानाने घडले. म्हणूनच आपले काम त्यांच्याहून सोपे आहे. आपल्याकडेही कोलकत्त्यास ज्यूंच्या प्रार्थनामंदिरांची देखभाल मुसलमान सेवक पिढ्यान्पिढ्या करीत आले आहेत. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने ज्यूंस अल्पसंख्य समाज म्हणून मान्यता दिली, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु सरकारी ठरावाने गवत कापले जात नाही. ते कापावयास विळा घेऊन जवळचा माणूसच जावा लागतो.

आता करावयाचे काय, हे मास्तरकीच्या सवयीने क्रमवार सांगतो.

पहिली गोष्ट, परवानगी. ती भूमी आपली नव्हे. त्या समाजाच्या विश्वस्तांस विचारल्यावाचून तेथील काडीही हलवू नये. शनिवारी व त्यांच्या सणांच्या दिवशी तेथे काम करू नये. आत जाताना पुरुषांनी डोके झाकावे, कबरीवरून चालू नये आणि बाहेर येताना हात धुवावे. ही त्यांची रीत आहे आणि ती पाळण्यास आपणांस काही अवघड नाही.

दुसरी गोष्ट, सातबारा. प्रत्येक गावच्या मंडळींनी तलाठ्याकडून त्या जागेचा उतारा काढून तीवर दफनभूमीची नोंद आहे किंवा नाही हे पाहावे, आणि नसल्यास त्या समाजाच्या विश्वस्तांस कळवावे. किनाऱ्यालगतच्या जमिनीस आज सोन्याचा भाव आला आहे. ज्या भूमीची कागदोपत्री नोंद नाही आणि जिच्याकडे कोणी फिरकत नाही, ती एके दिवशी कुंपणात गेलेली दिसते. दफनभूमीत शिरून मृतांची विटंबना करणे हा भारतीय न्याय संहितेच्या ३०१ व्या कलमान्वये गुन्हा आहे, हेही गावात सर्वांस माहीत असावे.

तिसरी गोष्ट, साफसफाई. उत्साहाच्या भरात येथेच अधिक नुकसान होते. दगडावर उगवलेली पिंपळाची किंवा वडाची रोपटी ओढून काढू नयेत. मुळांबरोबर दगड फुटतो. ती बुडाशी कापावी. दगड धुण्यास साधे पाणी आणि मऊ कुंचला पुरे. तारेचा ब्रश, आम्ल, धुण्याचा सोडा यांस स्पर्श करू नये. अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांत तैलरंग किंवा चुना भरू नये. मोडलेला दगड सिमेंटने चिकटवू नये. सिमेंट कडक असते, आतील ओल बाहेर पडू देत नाही आणि शेवटी दगडच सोलून निघतो. जुने बांधकाम चुन्याचे असेल तर दुरुस्तीही चुन्यानेच आणि जाणकाराच्या देखरेखीखाली व्हावी.

चौथी गोष्ट, नोंद. हे काम शाळेतील मुलांचे आहे आणि मुले ते आनंदाने करतात. प्रत्येक कबरीस कागदावर क्रमांक द्यावा, पावलांनी मोजून नकाशा काढावा, दगडाचे छायाचित्र घ्यावे. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपे असता झिजलेले अक्षरही वाचता येते. दुपारी काही दिसत नाही. आरशाने बाजूने कवडसा पाडला तरी चालते. हिब्रू लिपीत आकडेही अक्षरांनीच लिहितात आणि ज्यूंचा शक वेगळा आहे. त्यांच्या सालातून ३७६० वजा केले की स्थूलमानाने आपले इसवी साल येते. आमच्या जुन्या शाळेतील पाचवीच्या मुलांनी हे गणित फळ्यावर सोडविले, तेव्हा त्यांतील एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, ही तर माझ्या पणजीच्या वेळची बाई." त्या क्षणापासून ती बाई तिच्या गावची झाली. दफनभूमीस भिंत बांधल्याने ती राखली जाते असे आम्हांस वाटत नाही. तेथे जाण्याचे कारण ज्यांस आहे अशी माणसे असली म्हणजे ती राखली जाते. ते कारण मुलांच्या मनात उत्पन्न करणे, हेच खरे रक्षण.

पाचवी आणि शेवटची गोष्ट सर्वांत कठीण आहे. आपापल्या परसात जा. धुण्याची धोंड, गोठ्याची पायरी, विहिरीचा कठडा, तुळशीवृंदावनाचा चौथरा नीट पाहा. घडीव आणि कोठून आला हे कोणास सांगता येत नाही असा दगड असेल, तर तो हलक्या हाताने उलटून पाहा. अक्षरे निघाली तर लाजू नका आणि लपवूही नका. दोष ज्यांचा असेल ते बहुधा आता नाहीत. त्यांच्यावर दोष ठेवण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. आमच्या तीर्थरूपांचा फोटो आमच्या माजघरात आजही आहे आणि त्यास आम्ही रोज हार घालतो. परंतु वडिलांचे देणे फेडणे हे पुत्राचे कर्तव्य आहे, आणि हे देणे पैशाचे नसल्यामुळे गरिबासही फेडता येते.

मंडळापुढे आम्ही एकच सूचना ठेवतो. दिवाळीनंतर रान वाळू लागते, तेव्हा गवत काढणे सोपे जाते. दरवर्षी दिवाळीनंतरचा पहिला सोमवार आपल्या जातीने या कामासाठी राखून ठेवावा. ज्या ज्या गावी अशी भूमी आहे तेथील तरुणांनी, विश्वस्तांच्या अनुमतीने, त्या दिवशी विळे आणि पाण्याच्या घागरी घेऊन जावे. आपल्या पूर्वजांनी ज्या वारी घाणा बंद ठेवला, तो वार आज आपणांस रिकामाच आहे. घाणे तर कधीच गेले. शनिवार पाळणारे आपले सोबती दूर गेले. सोमवार पाळणारे आपण येथेच आहोत. त्यांच्या मातीवर लक्ष ठेवण्यास आपला एक सोमवार देणे फार नव्हे.

आमच्या मातोश्री २०२० साली निवर्तल्या. त्यांच्या त्या एका वाक्याहून अधिक सांगण्यासारखे आमच्यापाशी काही नाही. ज्याचे त्यास द्यावे.